दोनशे रुपयांचा बेल्ट आणि ईदचा माल

ज्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या दारात मालाची छोटी गाडी उभी असते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आम्ही मोटार मेकॅनिक नाही. भिवंडीत कापडाचा व्यापार करतो. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि इंजिनाचे पुस्तक आम्ही कधी उघडले नव्हते. पण गाडीच्या एका बेल्टने आम्हाला असा धडा दिला की त्यानंतर आम्ही मिस्त्रीच्या शेजारी बसून हे काम शिकलो. तो तजुर्बा वाचकांच्या उपयोगी पडावा एवढाच हेतू आहे.

गोष्ट २००९ च्या रमजानमधली. ईदला आठ-नऊ दिवस राहिले होते. नाशिकच्या एका दुकानदाराला ड्रेस मटेरियलचे तागे पोहोचवायचे होते आणि आम्ही दुपारपर्यंतचा वादा केला होता. गाडी आमची जुनी मारुती ओम्नी. तिचा बेल्ट महिनाभर ओरडत होता. सकाळी गाडी सुरू केली की कर्कश किंचाळी, मग दोन मिनिटांत शांत. आम्ही काय केले? मागावरची अक्कल गाडीला लावली. जुन्या लूमच्या कारखान्यात छताखाली एक लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून चपटे पट्टे खाली मागांवर येत. पट्टा घसरू लागला की कारागीर त्याला राळ, म्हणजे आपला बिरोजा, चोळत. आम्हीही गाडीच्या बेल्टला बिरोजा चोळला. आवाज बंद झाला आणि आम्ही खूश झालो.

कसारा घाटात पाऊस सुरू होता. गाडी भरलेली, चढ उभा. अर्ध्या घाटात भाचा म्हणाला, "मामू, लाल बत्ती लागली." आम्ही पाहिले, बॅटरीची खूण होती. आम्ही म्हटले, "बॅटरीची आहे, इगतपुरीला बघू. तू चालव." ही आमची दुसरी चूक. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. पाच मिनिटांत सीट तापली, उष्णतेचा काटा वर गेला, मग वाफ आली आणि गाडी बंद पडली. सीट उचलून पाहिले तर बेल्ट तुटून खाली पडला होता. त्या गाडीत तोच एक बेल्ट डायनमोही फिरवत होता आणि पाण्याचा पंपही. बॅटरीची बत्ती खरे तर सांगत होती की बेल्ट गेला, पाणी फिरायचे थांबले, आता गाडी उभी करा. आम्ही ती भाषा वाचू शकलो नाही.

गाडी भरून कापड होते, म्हणून एका पट्टीला पीळ देऊन पुलीवर बांधूनही पाहिले. दोन मिनिटांत गाठ सुटून ती फेकली गेली. शेवटी गाडी ओढून न्यावी लागली. हेड गॅस्केट उडाले होते, हेड वाकले होते. दुरुस्तीला साडेनऊ हजार लागले. बेल्टची किंमत होती दोनशेच्या आत. माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचला, पण तोपर्यंत दुकानदाराने दुसरीकडून माल उचलला होता. त्याने आम्हाला एक शब्दही कठोर बोलला नाही, चहा पाजला आणि तागे परत पाठवले. त्या दुकानाशी आमचा व्यवहार पुन्हा जुळायला दोन वर्षे लागली.

बेल्टच्या पोटात सूतच असते

पुढे मिस्त्रीकडे तुटलेला बेल्ट आम्ही कापून पाहिला. वरून रबर दिसते, पण आत पिळाचे मजबूत सूत असते. बहुतेक बेल्टमध्ये ते पॉलिएस्टरचे असते. ओढ सारी ते सूत सहन करते, रबर फक्त पुलीला धरून ठेवते. आपल्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला सोपे आहे. ताणा जास्त ओढला तर धागे तुटतात, ढिला ठेवला तर माग नीट चालत नाही. बेल्टचा हिशेबही तोच आहे.

गाडीत दोन प्रकारचे बेल्ट असतात हे आधी पक्के समजून घ्या. एक बाहेरचा, बॉनेट किंवा सीट उचलली की दिसणारा. तो डायनमो म्हणजे अल्टरनेटर, अनेक गाड्यांत पाण्याचा पंप, एसी आणि जुन्या पद्धतीचे पॉवर स्टिअरिंग फिरवतो. जुन्या गाड्यांत तो उतरत्या बाजूंचा व्ही बेल्ट असतो. नव्या गाड्यांत लांब उभ्या खाचांचा रुंद, चपटा बेल्ट असतो. दुसरा आतला, आवरणाखाली झाकलेला टायमिंग बेल्ट. बाहेरच्या बेल्टचे बरेचसे काम घरी होऊ शकते. आतल्याला घरी हात लावू नये. त्याबद्दल पुढे सांगू.

आजच एक काम करा. आपल्या गाडीचा बाहेरचा बेल्ट काय काय फिरवतो हे मिस्त्रीला विचारून वहीत लिहा. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर चालत्या गाडीत बॅटरीची बत्ती लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. पंप त्यावर नसेल तर बॅटरीच्या जोरावर, एसी आणि इतर फालतू भार बंद करून, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. एवढी एक ओळ आमच्या वहीत असती तर साडेनऊ हजार वाचले असते.

आवाज ओळखा

सकाळी किंवा पावसात गाडी सुरू करताना लांब किंचाळी येऊन बंद होत असेल तर बहुधा बेल्ट ढिला आहे किंवा त्याच्या बाजू घासून चकचकीत झाल्या आहेत. खात्री करायची असेल तर गाडी उभी ठेवून हेडलाइट आणि एसी एकदम चालू करा. जुने पॉवर स्टिअरिंग असेल तर ते शेवटपर्यंत वळवा. भार वाढताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे.

बारीक, ठेक्यात येणारी चिकचिक वेगळी. इंजिनाच्या वेगाबरोबर तिचा ठेका बदलतो. पुली एका रेषेत नसणे किंवा बेल्टच्या खाचांत खडा, माती बसणे हे तिचे नेहमीचे कारण. खाचांच्या बेल्टसाठी मिस्त्री लोक पाण्याची परीक्षा करतात. इंजिन मंद चालू ठेवून, हात दूर ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे साधे पाणी मारायचे. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली वाकडी बसली आहे असे समजा. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे.

तिसरा आवाज घरघरीचा. सुक्या बॉबिनसारखी सतत घरघर येत असेल तर दोष बहुतेक बेल्टचा नसतो, पुलीच्या बेअरिंगचा असतो. इथे नवा बेल्ट टाकून उपयोग नाही. खराब बेअरिंगची पुली अडकली की नवा बेल्टही जळतो.

हात लावण्याआधी

इंजिन बंद, किल्ली आपल्या खिशात. अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ द्या. मग बॅटरीची ऋण, म्हणजे वजा खुणेची तार सोडा. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. कुर्त्याच्या बाह्या वर घ्या. रुमाल, ओढणी, घड्याळ, अंगठी बाजूला ठेवा. लूमच्या पट्ट्यात बाही अडकून काय होते हे आपल्या वस्तीत सांगावे लागत नाही. मुलांना जवळ उभे करू नका.

हत्यारे फार लागत नाहीत. १०, १२ आणि १४ नंबरचे रिंग पाने, बॅटरी, लोखंडी पट्टी आणि एक लाकडी दांडा एवढ्यावर आमचे काम भागते.

बेल्ट आणि पुली तपासा

बॅटरीच्या उजेडात बेल्टची आतली बाजू पाहा. वरून नवा दिसणारा बेल्ट आतून भेगाळलेला असतो. व्ही बेल्टच्या बाजू काचेसारख्या चमकत असतील, कडेचे सूत सुटलेले दिसत असेल, तुकडे उडाले असतील किंवा तेलाने तो फुगला असेल, तर तो बदलायचाच. नव्या जातीच्या रबराला भेगा लवकर पडत नाहीत, त्याच्या खाचा झिजून रुंद होतात. म्हणून खाचांच्या बेल्टला भेग नाही एवढ्यावर तो चांगला समजू नका.

बेल्टवर तेल किंवा कूलंट दिसले तर आधी गळती शोधा. गळती तशीच ठेवून नवा बेल्ट टाकणे म्हणजे ओल्या भिंतीवर चुना लावणे.

आता ताण. दोन पुलींमधला सर्वांत लांब भाग निवडा आणि मधोमध अंगठ्याने जोराने, सुमारे १० किलोच्या दाबाने, दाबा. आमच्या ओम्नीसारख्या जुन्या छोट्या मारुतीत बेल्ट साधारण ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. प्रत्येक गाडीचे माप वेगळे असते, म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहा. अनेक नव्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर स्वतः ताण सांभाळतो. तिथे हाताने ताण द्यायचा नसतो. ढिलेपणा दिसला तर बेल्ट किंवा टेन्शनर बदलावा लागतो.

पुलीसाठी बेल्ट उतरवावा लागतो. उतरवण्याआधी तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या. लांब बेल्टचा रस्ता चुकला की पाण्याचा पंप उलटाही फिरू शकतो. बेल्ट निघाल्यावर एकेक पुली हाताने फिरवा. फिरवताना खडखड लागू नये, हलवताना खेळ जाणवू नये. फक्त आधारासाठी असलेली आयडलर पुली भोवऱ्यासारखी मोकळी गरगरत राहिली तर आतले ग्रीस सुकले आहे. पाण्याच्या पंपाच्या पुलीला खेळ असेल किंवा तिच्याखाली कूलंटचे सुकलेले डाग असतील तर पंप जाण्याच्या बेतात आहे. लोखंडी पट्टी दोन पुलींच्या तोंडावर आडवी धरा. मूळ रचनेत दोन्ही पुलींची तोंडे एका पातळीत असतील आणि आता एक आत किंवा बाहेर दिसत असेल, तर ब्रॅकेट वाकलेले आहे, बोल्ट ढिला आहे किंवा पुली नीट बसलेली नाही.

व्ही बेल्टच्या पुलीत आणखी एक गोष्ट पाहा. बेल्टने पुलीला दोन बाजूंनी धरायचे असते, तळाला टेकायचे नसते. पुलीचा तळ घासून चमकत असेल तर बेल्ट झिजून खाली उतरला आहे किंवा पुलीच झिजली आहे.

आवाज बेल्टकडून येतो की इंजिनातून, याची अजून शंका असेल तर बेल्ट काढलेला असताना बॅटरीची तार जोडून इंजिन २०-३० सेकंद चालवा, अधिक नाही, कारण पाणी फिरत नसते. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या वस्तूंत आहे. आवाज तसाच राहिला तर मिस्त्रीला दाखवा. परीक्षा झाली की तार पुन्हा सोडा.

व्ही बेल्ट बदलण्याची रीत

अल्टरनेटर दोन ठिकाणी धरलेला असतो. एका बोल्टवर तो झुलतो आणि दुसरा लांब खाचेच्या पट्टीत सरकतो. दोन्ही थोडे ढिले करा, काढू नका. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, बेल्ट सैल पडेल आणि हाताने निघेल. पेचकस घालून बेल्ट उपटू नका, पुलीची कड दुखावते. पुली सुक्या फडक्याने पुसा. नवा बेल्ट प्रत्येक पुलीत नीट बसवा. मग लाकडी दांड्याने अल्टरनेटर बाहेर ओढून धरा. दांडा त्याच्या जाड भागावर टेकवा, पातळ अॅल्युमिनियमवर किंवा पंपावर नको. आधी खाचेतला बोल्ट आवळा, मग झुलणारा. पुन्हा अंगठ्याने ताण पाहा. काही गाड्यांत ताण देण्यासाठी वेगळा लांब बोल्ट असतो, तिथे दांड्याची गरज नाही.

बॅटरीची तार जोडून गाडी पाच मिनिटे चालवा, बंद करा, थंड झाल्यावर ताण परत पाहा. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतो, म्हणून शे-दोनशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा.

आवाज येऊ नये म्हणून बेल्ट गच्च ताणू नका. तो मग ओरडत नाही, पण अल्टरनेटरची आणि पंपाची बेअरिंग मारतो. तसेच बिरोजा, साबण, मेण, तेल बेल्टला लावू नका. चपट्या पट्ट्यांच्या जमान्यातली ती रीत होती. गाडीच्या बेल्टवर बिरोज्याला धूळ चिकटते, रबर खराब होते आणि मुख्य म्हणजे इशारा देणारा आवाज बंद पडतो. आमचे नुकसान तिथूनच सुरू झाले.

बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. ६ पीके १२३० असे लिहिले असेल तर ६ खाचा आणि लांबी १२३० मिलिमीटर. लूमच्या बेल्टवर बी-५२ असते, त्यात बी ही जाडीची जात आणि ५२ ही इंचांतली लांबी. कारखान्यात पडलेला लूमचा बेल्ट गाडीच्या पुलीवर बसला तरी वापरू नका. गाडीच्या पुली लहान आणि फार वेगवान असतात. त्यांच्यासाठी बेल्टची घडण वेगळी असते.

टायमिंग बेल्टला घरी हात नको

टायमिंग बेल्ट इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाचा ठेका जुळवतो. तो एक दात जरी चुकीचा बसला तरी इंजिन नीट चालत नाही. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. तो बाहेरच्या बेल्टसारखा ओरडून इशारा देईलच असे नाही. त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे पाहून पाळायची असते. बऱ्याच गाड्यांत ती ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. अनेक नव्या पेट्रोल गाड्यांत बेल्टऐवजी साखळी असते, तेव्हा आपल्या गाडीत काय आहे ते विचारून घ्या. जुनी गाडी विकत घेताना टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असे धरून चाला. बदलताना टेन्शनर आणि आयडलरही तपासायला सांगा. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर त्याचेही त्याच वेळी पाहून घ्या, म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही.

मिस्त्रीशी व्यवहार

हे सारे शिकायचे ते मिस्त्रीची मजुरी बुडवायला नाही. आपल्या समाजातली कितीतरी मुले गॅरेजवर राबतात, त्यांचा हक्क त्यांना मिळालाच पाहिजे. पण आपल्याला थोडे कळत असेल तर बोलणे सरळ होते. आमच्या ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याला बॅटरी चार्ज होत नव्हती. एका गॅरेजमध्ये त्याला नवा अल्टरनेटर सांगितला. घरी आणून पाहिले तर बेल्ट अंगठ्याने दोन बोटे दबत होता. ताण दिला आणि बॅटरी चार्ज होऊ लागली. त्या मिस्त्रीने फसवले की त्याने पाहिलेच नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. म्हणून गॅरेजमध्ये "गाडी आवाज करते" एवढेच सांगू नका. आवाज केव्हा येतो, भाराने वाढतो का, बेल्ट किती दबतो हे सांगा. बदललेली जुनी वस्तू परत मागा आणि हातात घेऊन पाहा. चांगला उस्ताद याचा राग मानत नाही. आम्हाला हे काम ज्याने शिकवले त्याने तर तुटलेला बेल्ट स्वतःहून आमच्या हातात दिला होता.

ती ओम्नी पुढे विकली. तिचे उत्पादनही २०१९ मध्ये थांबले. आता दारात दुसरी गाडी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, भाचा बेल्ट पाहतो आणि तारीख वहीत लिहितो. या कामाला दहा मिनिटे लागतात. गाडीत एक नवा बेल्ट, तीन पाने आणि बॅटरी कायम असते. घाटात बेल्ट तुटला तरी अर्ध्या तासात दुसरा चढवता येईल अशी तयारी ठेवली आहे.

ईद, लग्नसराई, दिवाळी या दिवसांतच गाडीवर जास्त भार पडतो आणि त्याच दिवसांत गाडी तपासायला आपल्याला फुरसत नसते. म्हणून मोसम सुरू होण्याआधी, माल भरण्याआधी, एकदा सीट किंवा बॉनेट उचलून पाहा. ज्या दुकानदाराला आपण वेळ दिली आहे त्याचे गिऱ्हाईक आपल्या गाडीसाठी थांबणार नाही.